डेंग्यू, काढा आणि पाचवा दिवस : एका पेशंटची पूर्ण केस

पेशंट पुरुष, वय ३६, वजन ६० किलोच्या आसपास, नोकरी मुंबईत, घर चिपळूणच्या बाजूला एका वाडीत. गणपतीला गावी आलेला आणि गौरी-गणपती विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी थंडी वाजून ताप. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. मी बीएएमएस आहे, तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो, त्यामुळे काढ्याला मी नावं ठेवणार नाही हे लोकांना माहितीय आणि नेमकं त्यामुळेच लोक मला खरं सांगतात की घरी काय काय पाजलंय. मोठ्या हॉस्पिटलात हेच लोक "काही नाही दिलं डॉक्टर" म्हणतात आणि पिशवीत गुळवेल असते.

ही केस लिहायचं कारण म्हणजे दर पावसाळ्यात एकच प्रश्न येतो, डेंग्यूत काढा, पपई, गुळवेल दिलं तर चालतं का. यावर दोन टोकं ऐकू येतात, एक म्हणतं सगळं बंद करा, दुसरं म्हणतं पपईच्या पानांनी माझे प्लेटलेट दोन दिवसात लाखावर गेले. माझं म्हणणं या दोन्हीपेक्षा वेगळं आहे, काढा प्लेटलेटच्या खात्यात लिहू नका, पाण्याच्या खात्यात लिहा, मिलीमध्ये. म्हणजे काय ते या केसमध्ये बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं.

पहिला दिवस घरीच गेला. आलं, तुळस, गवती चहा, चार मिरी आणि गूळ असा काढा दिवसातून चार वेळा. शेजारच्याने मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून दिली ती निघाली आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची जोडगोळी, दोन गोळ्या पोटात गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बायको आणि आई दोघी त्याला घेऊन आल्या. ताप १०३, डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर मोडल्यागत दुखतेय, सर्दी-खोकला अजिबात नाही. आमच्याकडे गणपतीच्या सुमारास ताप म्हटला की मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि डेंग्यू तिन्ही डोक्यात ठेवावे लागतात, चाकरमानी मुंबईचे डास अंगावर घेऊन येतात आणि गावचे लोक शेतात अनवाणी फिरत असतात. मलेरियाचं कार्ड आणि स्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब घेऊन केलेली तपासणी) निगेटिव्ह, डेंग्यूचं एनएस-वन कार्ड पॉझिटिव्ह. सरकारी नोंदीत रॅपिड कार्ड धरत नाहीत, एलायझा ही लॅबमधली टेस्ट लागते, म्हणून सॅम्पल पुढे पाठवलं. सीबीसीत पांढऱ्या पेशी ३,४००, प्लेटलेट १ लाख ६२ हजार, पीसीव्ही म्हणजेच हिमॅटोक्रिट, रक्त किती घट्ट आहे त्याचा आकडा, ४१. हा ४१ चा आकडा लक्षात ठेवा, घरच्यांनी तो बघितलासुद्धा नाही, सगळ्यांचे डोळे प्लेटलेटवर.

मग मी नेहमीप्रमाणे त्याच्या आईला म्हटलं, काकी, जे जे देताय ते सगळं टेबलावर ठेवा. पिशवीतून निघालं ते असं: अंगठ्याएवढ्या जाड गुळवेलीच्या कांड्या, सुतळीने बांधलेल्या, परसातल्या आंब्यावरून तोडलेल्या. काडेचिराईताची जुडी, कोकणात तापावर ही असतेच. पपईची तीन कोवळी पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, ती अजून द्यायची होती. किवी दोन, एकेक चाळीस रुपयाला. आणि बकरीचं दूध कुठे मिळतंय का याची चौकशी चालू होती. काकींचा पपईवर एवढा विश्वास का तर चार वर्षांपूर्वी मुंबईत याच मुलाला डेंग्यू झालेला, तेव्हा पपईचा रस दिला आणि तो बरा झाला.

इथे मी थांबलो कारण ही माहिती फार महत्त्वाची होती, पण काकींना वाटत होती त्याच्या बरोबर उलट कारणाने. डेंग्यूचे व्हायरस चार प्रकारचे आहेत. एकदा एक प्रकार होऊन गेला की त्याच्यापुरतं संरक्षण राहतं, पण दुसऱ्या वेळी वेगळा प्रकार आला तर आधीच्या अँटिबॉडी मदत करायच्या ऐवजी व्हायरसला पेशीत शिरायला वाट करून देऊ शकतात आणि आजार गंभीर व्हायची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा वाढते. म्हणजे "मागच्या टायमाला पपईने बरा झाला" या वाक्यातला पपईचा भाग बाजूला ठेवला तर उरतं ते "मागच्या टायमाला", आणि खरी काळजी तिथे होती. हे मी बायकोला वेगळं घेऊन सांगितलं, काकींसमोर सांगितलं असतं तर वाद पपईवर गेला असता.

आता काय ठेवलं आणि काय काढलं ते सांगतो, कारणासकट.

साधा काढा ठेवला. आलं-तुळस-गवती चहा, पातळ, मिरी कमी करून कारण आधीच मळमळ होती. आलं-लसणाचा प्लेटलेट एकमेकांना चिकटण्यावर परिणाम होतो असं प्रयोगशाळेत दिसलंय, पण चहात घालतो तेवढ्या आल्याने काही होत नाही, मात्र लसणाच्या आठ-आठ पाकळ्या आणि आल्याचा वाटीभर रस असले प्रकार या आजारात नकोत. काढ्याने काय होतं? घशाला बरं वाटतं, तोंडाला चव येते, गरम प्यायल्याने घाम येतो आणि मुख्य म्हणजे पोटात पाणी जातं. ज्याला पाणी बघून ओकारी येतेय तो गवती चहा अर्धा कप पितो, हा फायदा खरा आहे आणि मी तो कमी लेखत नाही.

गुळवेल बंद केली. यावर आयुर्वेदवाले मित्र माझ्यावर चिडतात पण कारण ऐका. २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटमध्ये लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. वाद बाजूला ठेवू. डेंग्यूमध्ये लिव्हर मुळातच सुजतं, एसजीओटी-एसजीपीटी हे लिव्हरच्या रक्ततपासणीतले आकडे वाढतात, त्यात पॅरासिटामॉल चालू. अशा वेळी परसातली वेल, जी नक्की कोणती हे मलाही कांडी बघून छातीठोक सांगता येणार नाही, ती रोज ठेचून दिली आणि एसजीपीटी वाढला तर तो कशामुळे वाढला हे कुणाला कळणार? चौकशीत घोळ घालणारी वस्तू आजारपणात नको एवढंच माझं म्हणणं. बरा झाल्यावर बघू.

काडेचिराईत कमी केलं, बंद नाही केलं. तामिळनाडूत निलवेंबू म्हणून जो काढा डेंग्यूच्या साथीत सरकारतर्फे वाटला गेला त्यातलं मुख्य द्रव्य भुईनिंब, आपल्याकडच्या चिराईताच्याच पंगतीतलं, तितकंच कडू. कडू रस तापात द्यावा हे चरकातही आहे. पण पेशंटला आधीच मळमळ असेल तर कडूने उलटी होते, म्हणून सकाळी एकदाच, दोन चमचे, ते पण पेज प्यायल्यावर.

चरकाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. नव्या तापात लंघन करावं हे सगळ्यांना पाठ आहे, त्याच श्लोकात पुढे यवागू म्हणजे पेज पण आहे हे कुणी सांगत नाही. शिवाय तहान आणि तापासाठी षडंगपानीय सांगितलंय, नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ घालून उकळून गार केलेलं पाणी. म्हणजे तापाच्या पेशंटला पाणी पाजा, हे आपल्याकडे जुनंच आहे. आणि घरोघरी चालतं काय, तर "ताप आहे ना, मग पोटाला आराम" म्हणून माणूस कोरडा ठेवतात. डेंग्यूत हे लंघन महागात पडतं.

पपईबद्दल मी काकींना सरळ नाही म्हटलं नाही. मलेशियात २०१३ मध्ये २२८ पेशंटवर अभ्यास झाला, ५० ग्रॅम पानांचा रस दिवसातून एकदा, तीन दिवस, त्यात प्लेटलेट दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढलेले दिसले. आपल्याकडे पानांच्या अर्काच्या ११०० मिग्रॅच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात, बरेच एमडी डॉक्टरही लिहून देतात. म्हणजे पूर्ण थोतांड नाहीये. पण प्लेटलेटचा आकडा वाढला याचा अर्थ शॉक टळला, रक्तस्राव टळला, माणूस वाचला असा होत नाही, आणि ते सिद्ध झालेलं नाही. त्यात डेंग्यूचे प्लेटलेट बहुतेकांचे सहा-सात दिवसांनी आपोआप वर यायला लागतात, मग पाचव्या दिवशी ज्याने किवी खाल्ला त्याचं श्रेय किवीला, ज्याने बकरीचं दूध प्यायलं त्याचं बकरीला. मी म्हटलं, द्यायचंच असेल तर गोळी द्या, ताजा रस नको, आणि उलटी झाली तर तेवढंही बंद.

ताज्या रसाला विरोध का, तर तो भयंकर कडू असतो आणि त्याने उलट्या होतात. डेंग्यूमध्ये सारख्या उलट्या हे धोक्याचं लक्षण आहे, पोटदुखी, नाका-हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा बेचैनी यांच्याच यादीतलं. आता औषधानेच उलट्या करवल्या तर त्या आजाराच्या की रसाच्या हे ओळखायचं कसं?

अंगदुखीची ती गोळी अर्थात बंद, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यातलं काहीही नाही. फक्त पॅरासिटामॉल ६५०, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारच्या वर नाही, ताप १०० च्या खाली असेल तर उगीच नाही. बाकी कोमट पाण्याने अंग पुसायचं.

मग बायकोला एक शाळेची वही घ्यायला सांगितली. प्रत्येक घोट लिहायचा. वेळ, काय प्यायला, किती मिली, लघवी कधी झाली, ताप किती. अंदाजे नाही, घरातलं फुलपात्र एकदा बाटलीने मोजून घेतलं, ते १५० मिलीचं निघालं, त्यावर सगळा हिशोब. टार्गेट दिवसाला अडीच लिटर: ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात, दोन शहाळी, उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज तीन-चार फुलपात्रं, दोन कप काढा, उरलेलं ताक आणि पाणी. ओआरएस नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मोजून. काकींना हे आवडलं बरं का, कारण काढा बंद केला नव्हता, वहीत त्याला स्वतःची ओळ होती.

तिसरा दिवस, ताप १०२, प्लेटलेट १ लाख १८ हजार, पीसीव्ही ४२. वहीत २,४०० मिली, लघवी सहा वेळा. छान. मधे पपईचा रस "थोडासाच" दिलेला आणि दहा मिनिटांत उलटी, म्हणून तो थांबवला. मी त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवायला सांगितलं, डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि तापाच्या पहिल्या पाच-एक दिवसांत पेशंटला चावलेला डास पुढे दुसऱ्याला आजार देतो. गावात लोकांना हे पटत नाही, मच्छरदाणी म्हणजे पेशंटला डास चावू नये म्हणून असंच वाटतं, आता चावून काय व्हायचं ते झालंच की म्हणतात.

चौथा दिवस. प्लेटलेट ७४ हजार, पीसीव्ही ४४, ताप १००.५. इथे घरात घबराट. रिपोर्टचा फोटो मुंबईला मामांकडे गेला, मामांचा फोन आला, पुढच्या वाडीतले एक काका ताजा रस घेऊन हजर, दिवसातून चार वेळा द्या म्हणाले. भावाने मला फोनवर विचारलं, डॉक्टर, मलेरियाचं औषधही झाडातूनच आलं ना, मग पपईला का नाही? प्रश्न चांगला होता. आर्टेमिसिनिन चिनी झाडातूनच आलं, तू योयो यांना २०१५ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं, पण त्यांचं खरं काम पुढचंच आहे. जुन्या पद्धतीने उकळून काढलेल्या अर्काचा भरवसा येत नव्हता, उष्णतेने गुण जात होता, मग कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला, शुद्ध द्रव्य वेगळं केलं, डोस ठरवला, माणसांवर तपासलं. पपई अजून त्या रस्त्याच्या सुरुवातीला आहे. हे सगळं मी बोललो आणि त्याने "बरोबर आहे" म्हटलं, आणि रस चालूच राहिला, कारण फोनवर पटणं वेगळं आणि समोर काका फुलपात्र घेऊन उभे असणं वेगळं.

त्याच संध्याकाळी लाल उलटी झाली. पळापळ. फोनवर मी विचारलं दुपारी काय दिलं, तर "रक्त वाढायला" म्हणून बीट-डाळिंबाचा रस आणि त्यावर कोकम सरबत. उलटीत बिटाचा चोथा दिसत होता म्हणून कळलं, नाहीतर रक्त समजून रात्री गाडी काढली असती, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी खरं रक्त पडलं असतं आणि बीट समजून सोडून दिलं असतं. डेंग्यूत लाल, काळपट पेय द्यायची नाहीत ती याचसाठी, कोकम एरवी कितीही चांगलं असलं तरी. लोहाच्या टॉनिकचंही तेच, शी काळी होते आणि आतला रक्तस्राव झाकला जातो.

पाचवा दिवस, सकाळी दहाला बायकोचा फोन. डॉक्टर, घाम येऊन ताप उतरला, ९८ आहे, आई म्हणतायत पपई लागू पडली. आवाज आनंदाचा. मी विचारलं लघवी कधी झाली. थोडा वेळ वहीची पानं उलटल्याचा आवाज, मग "काल रात्री साडेनऊला". आणि आज काय करतोय? "झोपूनच आहे, पोटात दुखतंय म्हणतोय, पण ताप नाहीये ना आता."

डेंग्यूबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच, ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे २४ ते ४८ तास सुरू होतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे कधीतरी. रक्तवाहिन्या मातीच्या माठासारख्या पाझरायला लागतात, रक्तातलं पाणी छातीत-पोटात उतरतं, उरलेलं रक्त घट्ट होतं, म्हणून पीसीव्ही चढतो. माणूस बाहेरून थंडगार, शांत दिसतो आणि घरच्यांना वाटतं उतार पडला. बाकीच्या तापात ताप उतरणं ही गोड बातमी असते म्हणून आपली सगळी पिढ्यान्पिढ्यांची अक्कल इथे उलटी चालते. आणि जो काढा, जो रस आदल्या दिवशी दिला असेल त्याला विजय मिळतो.

तासाभरात त्याला घेऊन आले. हात-पाय गार, नाडी ११०, बीपी १०६/८२. वरचा आकडा बघून कंपाउंडर म्हणाला बीपी तर नॉर्मल आहे. पण दोन आकड्यांमधलं अंतर २४, ते २० वर आलं की शॉक धरतात, वरचा आकडा पडायची वाट बघायची नसते. उजव्या बरगडीखाली दाबलं की दुखत होतं. अर्जंट सीबीसी, प्लेटलेट ३८ हजार, पीसीव्ही ५०. ४१ वरून ५०, म्हणजे वीस टक्क्यांच्या वर वाढ. दुसऱ्या दिवशीचा तो ४१ आपल्याकडे नसता तर ५० हा आकडा एखाद्या पुरुषाच्या रिपोर्टमध्ये जेमतेम वरच्या काठावरचा म्हणून सुटून गेला असता.

मी वही मागितली. चौथ्या दिवसाचं पान बघितलं आणि सगळं समोर आलं. एकूण १,३०० मिली. रस सकाळी आठला, त्यानंतर "मळमळ, काही घेतलं नाही" दहापर्यंत. रस बाराला, उलटी, "झोपला" दोनपर्यंत. रस चारला, परत तेच. मग बीट, कोकम, उलटी. ओआरएसची ओळ दुपारनंतर रिकामी, पेज एक फुलपात्र. रसात विष होतं असं मी म्हणत नाहीये. प्रत्येक रसाने पुढचे दोन तास पाण्याचे खाल्ले. पाझरणं आजाराने सुरू झालं, ते व्हायचंच होतं, दुसऱ्यांदाचा डेंग्यू होता, पण टाकी भरलेली असताना पाझरणं आणि अर्धी असताना पाझरणं यात फरक पडतो. हे त्या पानावरून कुणालाही दिसलं असतं. काकींनाही दिसलं, त्या काही बोलल्या नाहीत, मीही विषय काढला नाही, ती वेळ नव्हती.

सलाईन लावूनच त्याला पुढे मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. चिठ्ठीत चारही दिवसांचे पीसीव्ही, शेवटची लघवी, घेतलेल्या सगळ्या गोळ्या आणि सगळी झाडपाल्याची औषधं लिहिली, आयबुप्रोफेन दोन गोळ्या हे पण, गुळवेल एक दिवस, पपईचा रस अंदाजे किती वेळा हे पण. तिथल्या फिजिशियनने नंतर फोनवर सांगितलं की अशी चिठ्ठी फार कमी येते. तिथे काय झालं ते थोडक्यात, नॉर्मल सलाईन किलोमागे तासाला ५ ते ७ मिलीने सुरू, दर काही तासांनी पीसीव्ही बघून हळूहळू कमी, दीड दिवसानंतर बंद. बंद करणंही तितकंच महत्त्वाचं, कारण पाझरलेलं पाणी परत रक्तात यायला लागतं आणि तेव्हाही सलाईन चालू राहिली तर फुप्फुसात पाणी भरतं. "अजून एक बाटली लावा डॉक्टर, अशक्तपणा आहे" म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे वाचावं.

सहाव्या दिवशी प्लेटलेट २४ हजार, सगळ्यात खाली. नातेवाईक प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी डोनर गोळा करायला लागले, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरला. एकही पिशवी चढवली नाही. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली जाईपर्यंत चढवत नाहीत, चढवलेले प्लेटलेट फार टिकतही नाहीत. त्याच दिवशी पीसीव्ही ४३ वर आला होता आणि लघवी भरपूर होत होती, म्हणजे ज्या दिवशी घरच्यांच्या मते परिस्थिती सगळ्यात वाईट होती त्या दिवशी पेशंट खरं तर संकटातून बाहेर पडलेला होता, आणि ज्या सकाळी सगळे खूश होते ती सकाळ सगळ्यात वाईट होती. सातव्या दिवशी ४१ हजार, आठव्या दिवशी ९६ हजार, डिस्चार्ज. एसजीओटी २१२, एसजीपीटी १४८. डेंग्यूत एसजीओटी जास्त चढतो त्यामुळे चित्र आजाराचंच वाटत होतं, पण गुळवेल दुसऱ्या दिवशीच थांबवली होती म्हणून एवढं तरी म्हणता आलं.

घरी आल्यावर खरा काढ्या-पेजेचा काळ सुरू झाला असं मी म्हणेन. अशक्तपणा पंधरा-वीस दिवस राहतो, तोंडाला चव नसते, हातापायांना खाज सुटते. मऊभात, मुगाचं कढण, आल्याचा तुकडा सैंधव लावून जेवणाआधी, रात्री हळद घातलेलं दूध, हे सगळं मी आवर्जून सांगतो आणि याला कुठल्याच फिजिशियनची हरकत नसते. गुळवेल कधी सुरू करू असं काकींनी विचारलंच. म्हटलं एसजीपीटी परत करून नॉर्मल येऊ दे, मग बोलू, आणि परसातली नको. तीन आठवड्यांनी नॉर्मल आला, तोवर मुलगा मुंबईला कामावर गेलेला, विषय संपला.

ज्यांना वेगळी काळजी घ्यायला हवी त्यांच्याबद्दल दोन शब्द. गरोदर बाईला पपईची पानं, कच्ची पपई अजिबात नाही. शुगरच्या पेशंटला गुळाचा काढा चार-चार वेळा नको, आणि गुळवेलीने शुगर खाली येऊ शकते म्हणून गोळ्या चालू असताना जास्तच नको. किडनीच्या पेशंटला शहाळी विचारून, पोटॅशियम असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर घरी थांबायचंच नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला काढ्यातून मध नको.

वाडीत नंतर आशाताई आणि आरोग्यसेवक येऊन बघून गेले. पन्हाळीखाली ठेवलेल्या निळ्या पिंपात आळ्या, आणि मखराच्या बाजूला ठेवलेल्या फुलदाणीत पण. पिंपं रिकामी करून घासली, नुसती ओतून चालत नाहीत, अंडी कडेला चिकटलेली असतात आणि सुकी राहून महिनोन्महिने टिकतात. विहिरीत गप्पी मासे सोडले, आठवड्याचा कोरडा दिवस ठरला, किती पाळतायत ते पावसाला माहीत.

दोन आठवड्यांत पुढच्या वाडीतून आणखी एक ताप आला, रस आणून देणाऱ्या त्याच काकांची सून, दुसऱ्याच दिवशी आली, हातात वही. घरी पपई आणि गुळवेलीचा काढा सुरू झालेलाच होता, डेंग्यूच आहे असं सगळ्यांनी धरून चाललेलं. स्मिअरमध्ये निघाला मलेरिया, व्हायवॅक्स प्रकारचा. तिला क्लोरोक्विन तीन दिवस दिलं, जी-सिक्स-पीडीची (रक्तातल्या एका एन्झाइमची) टेस्ट करून आणि दिवस गेलेले नाहीत ना ते विचारून प्रायमाक्विन १४ दिवस. काका म्हणाले काढा चालू ठेवू का, म्हटलं ठेवा, गवती चहाचा, आणि चौदाही दिवसांच्या गोळ्या संपल्या की रिकामं पाकीट मला आणून दाखवा.